वाचक विचारतात : थंड समुद्रातली बार्नॅकलखाऊ शेंबडी

गेल्या अंकात ‘ऑन्किडोरिस बायलॅमेलाटा’ या छोट्या समुद्री प्राण्याचे चित्र आणि चार ओळी छापल्या होत्या. त्यावर नाशिक, निफाड, सिन्नर, देवळाली अशा समुद्रापासून लांबच्या गावांतून प्रश्न आले. शंख नसलेल्या गोगलगायीला आपल्याकडे शेंबडी म्हणतात. ही समुद्रातली शेंबडी उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या थंड किनाऱ्यांवर राहते. कार्ल लिनियसने १७६७ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. निवडक प्रश्न आणि उत्तरे पुढे देत आहोत.

माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये शिकते. ओहोटीला दगडाच्या खालच्या बाजूला तिला दोनेक सेंटिमीटरचा, तपकिरी-पांढऱ्या डागांचा, खरखरीत गोळा दिसला. फोटो तुमच्या चित्रासारखा वाटतो, पण चित्रातले पाठीवरचे फूल त्यात नाही. ही तीच शेंबडी का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

फूल न दिसण्याचे कारण सोपे आहे. ते फूल म्हणजे तिचे कल्ले. पाण्यात ते पिसाऱ्यासारखे उभे राहतात आणि पाणी ओसरले की मिटून पाठीला चिकटतात. पाण्याबाहेर काढलेल्या फोटोवरून या गटातली कोणतीच शेंबडी खात्रीने ओळखता येत नाही.

मुलीला एक विचारा : त्या दगडावर बार्नॅकल होते का? बार्नॅकल म्हणजे खडकाला आणि होडीच्या तळाला चिकटून वाढणारी, पाय कापणारी पांढरी खडबडीत कवचे. ही शेंबडी मोठी झाली की बार्नॅकलच खाते, त्यामुळे ती त्यांच्यातच सापडते, आणि बहुधा एकटी नसते. एकीच्या शेजारी दहा-वीस, कधी शेकडो असतात. शेंबडी ओळखताना रंगाच्या आधी ती कशावर बसली आहे ते पाहावे, कारण रंग फसवतो. याच जातीत गडद तपकिरी, फिकट डागांच्या आणि जवळजवळ पांढऱ्याही शेंबड्या असतात.

आता अंग पाहा. पाठभर गदेच्या डोक्यासारखे बोथट उंचवटे असतात आणि त्यांच्या आत चुन्याच्या बारीक काड्या असतात, म्हणून पाठ खरखरीत लागते. पुढच्या टोकाला वास घेणारी दोन शिंगे, त्यांवर आडव्या पट्ट्या. मागे गुदद्वाराभोवती कल्ले. कल्ल्यांची मांडणी ही मोठी खूण आहे : साधे, पिसासारखे, संख्येने पुष्कळ (मोठ्या शेंबडीत वीस-पंचवीससुद्धा) आणि घोड्याच्या नालाच्या आकारात. लांबी बहुधा तीन सेंटिमीटरच्या आत, क्वचित चारपर्यंत.

दोन जवळच्या जाती घोटाळा करतात. ‘ऑन्किडोरिस म्युरिकाटा’ पांढरट, जेमतेम दीड सेंटिमीटरची, आणि तिचे उंचवटे वरून सपाट असतात. ‘अ‍ॅडालेरिया प्रॉक्सिमा’ बरेचदा पिवळसर असते आणि तिचे उंचवटे टोकाकडे निमुळते होतात. या दोघी समुद्री शैवालाच्या पानांवर जाळीसारखे पसरणारे ब्रायोझोआ नावाचे प्राणी खातात. बार्नॅकलच्या गर्दीत त्या सहसा नसतात.

फोटो पुन्हा काढायचा असेल तर असा काढा. पांढऱ्या उथळ ताटलीत त्याच जागचे समुद्राचे पाणी दोन-तीन सेंटिमीटर घ्या. शेंबडी चिमटीने ओढू नका, तिचा पाय फाटतो. ओल्या मऊ ब्रशने एका कडेने हळूहळू सोडवा. ताटली सावलीत ठेवून पाच ते दहा मिनिटे थांबा, म्हणजे शिंगे आणि कल्ले उघडतात. सरळ वरून एक, मागच्या बाजूने कल्ल्यांचा एक आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक, असे तीन फोटो पुरतात. मग तिला त्याच दगडावर सोडा आणि दगड जसा होता तसाच पालथा ठेवा. उलटा राहिलेला दगड खालच्या बाजूच्या सगळ्या जिवांना उन्हात मारतो. किनाऱ्यावर हौशी लोकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे.

बार्नॅकलला कवच असते, वर झाकणही असते. मऊ अंगाची शेंबडी ते कसे खाते?
— एक शिक्षिका, सिन्नर

तोंडामागच्या पंपाने. पण वर्गात सांगताना आधी बार्नॅकल समजावून द्या, मुलांना ते फार आवडते. दिसायला शिंपल्याचा भाऊ, पण तो आहे खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. लहानपणी पोहतो, मग डोके खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याच्या पाट्यांची भिंत बांधतो आणि उरलेले आयुष्य पाय वर करून पायांनीच अन्न गोळा करतो. वरच्या तोंडाला चार तुकड्यांचे झाकण असते. ओहोटीला ते मिटते आणि पाणी आले की उघडते.

या शेंबडीला चावून खायचे मोठे जबडे नाहीत. तोंडात रेड्युला नावाची दातांची चिंचोळी पट्टी असते. प्रत्येक ओळीत मोजकेच दात, त्यांत दोन्ही बाजूंना एकेक मोठा आकडा. तोंडामागे जाड स्नायूंची पिशवी असते, तोच पंप. शेंबडी बार्नॅकलवर चढते, तोंड झाकणावर दाबून बसते, झाकणाच्या फटीतून आत शिरकाव करते आणि आतले मऊ मांस ओढून घेते. कवच जागेवरच राहते. शेंबड्यांचा थवा येऊन गेलेल्या खडकावर भिंती शाबूत आणि आत काहीच नाही, असे रिकामे बार्नॅकल दिसतात.

बार्नॅकलशी तिचे नाते पोटापुरते नाही, जन्मापासून आहे. शेंबड्या उभयलिंगी असतात. दोघी उजव्या कुशी जुळवून एकमेकींना फलित करतात आणि दोघीही अंडी घालतात. खडकावर पांढरी फीत वेटोळ्यात चिकटवलेली असते आणि तिच्यात हजारो अंडी असतात. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला चक्क शंख असतो आणि त्या शंखाला झाकणही असते. ते काही आठवडे समुद्रात तरंगत सूक्ष्म वनस्पती खाते. रूप बदलायची वेळ आली की तळाशी येते, पण वाटेल तिथे बसत नाही. जिवंत बार्नॅकलमधून पाण्यात विरघळून येणारे रसायन जाणवले तरच ते शंख टाकते आणि शेंबडी होते. ब्रिटनच्या किनाऱ्यावर या जातीचे आयुष्य साधारण एका वर्षाचे आहे. अंडी घातली की ती मरते.

फळ्यावर तुलना मांडायची असेल तर अ‍ॅडालेरिया घ्या. तिची अंडी थोडी आणि मोठी असतात. पिल्लू पिवळ्या बलकाची शिदोरी घेऊन निघते, त्याला वाटेत खावे लागत नाही आणि ते लवकर खाली बसते. त्यामुळे जवळजवळच्या दोन किनाऱ्यांवरच्या अ‍ॅडालेरियांतही आनुवंशिक फरक सापडतो. जिची पिल्ले आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, तिच्यात असे कप्पे पडणे अवघड.

पावसाळ्यात बागेतल्या शेंबडीवर मीठ टाकले की ती विरघळते. मग ही खाऱ्या पाण्यात जगते कशी? आणि द्राक्षबागेत मीठ टाकावे का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

ती विरघळत नाही, तिचे पाणी निघून जाते. जमिनीवरच्या शेंबडीच्या अंगातला रस समुद्राच्या मानाने खूप पातळ असतो. त्वचेवर मीठ पडले की बाहेर घट्ट द्रावण तयार होते आणि आतले पाणी त्वचेतून बाहेर ओढले जाते. घाबरून ती आणखी चिकटा सोडते, त्यातही पाणीच जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि समुद्री शेंबडीच्या अंगातला रसही जवळपास तितकाच खारा असतो. आत-बाहेर सारखे, म्हणून ओढाताण नाही. तिला गोदावरीच्या पाण्यात टाकले तर उलटे होईल : पाणी आत शिरेल, ती फुगेल आणि मरेल. उघड्या कल्ल्यांच्या या संपूर्ण गटातली (न्युडिब्रँक म्हणतात तो) एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही.

बागेत मीठ टाकू नका. द्राक्षवेल खारेपणाला नाजूक आहे आणि काळ्या जमिनीत सोडियम वाढले की माती चोपण होते, निचरा बसतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाकडेने ठेवा. पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी आणि शेंबड्या हातमोजे घालून वेचा आणि बादलीतल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. मीठ बादलीत चालते, जमिनीत नाही. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरणार असाल तर वेष्टनावरचे प्रमाण पाळा आणि कुत्री-गुरे तिकडे फिरकू देऊ नका. कुत्र्यांना ते विष जीवघेणे ठरते.

घरी १०० लिटरची काचेची टाकी आहे. त्यात ही शेंबडी पाळता येईल का?
— एक वाचक, नाशिकरोड

नाही. तिच्यासाठी पैसे खर्च करू नका.

पहिली अडचण थंडाव्याची. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला समुद्र हिवाळ्यात ५-६ अंशांवर उतरतो आणि उन्हाळ्यात १३-१४ च्या आसपास असतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या बंद खोलीत ३५ अंश सहज होतात. म्हणजे चिलरला रात्रंदिवस वीस-पंचवीस अंशांचा फरक ओढत राहावा लागेल. काच बाहेरून सतत घामेजेल आणि वीज दोन-तीन तास गेली की पाणी तापायला लागेल. पण चिलर विकत मिळतो. जे विकत मिळत नाही ते तिचे खाणे. जिवंत, थंड पाण्यातले बार्नॅकल रोज कुठून आणणार? मुंबईच्या खडकावरून आणले तर ते उष्ण पाण्याचे, १० अंशांत तग धरणार नाहीत. मेलेला बार्नॅकल कवचात कुजतो, अमोनिया वाढतो आणि टाकीतले बाकीचे जीवही जातात. उपाशी शेंबडी लगेच मरत नाही. ती स्वतःचेच अंग वापरत आठवडेच्या आठवडे लहान होत जाते, आणि पाळणाऱ्याला वाटते ती ‘सेट’ झाली.

समुद्री टाकीच ठेवायची असेल तर आपल्या हवेला जमणाऱ्या उष्ण समुद्रातल्या जिवांची ठेवा. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो समुद्री मिश्रण लागते, आणि ते आरओच्या पाण्यात कालवायचे. घरचे मीठ चालत नाही, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम जवळपास नसते. पाणी उडून पातळी उतरली की वर साधे आरओचे पाणी घाला, खारे नको. पाणी उडते, क्षार मागेच राहतात. माशांच्या रोगावर मिळणारी तांबेयुक्त औषधे शेंबडी, कोळंबी, प्रवाळ सगळ्यांना मारतात. पंपाच्या तोंडाला बारीक स्पंज लावा, नाहीतर मऊ प्राणी आत ओढले जातात.

दुकानात कोणतीही रंगीत शेंबडी दिसली तर आधी ‘ही नेमके काय खाते?’ हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती घेऊ नका. बर्गिया नावाची शेंबडी एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल संपवण्यासाठी विकतात आणि ती ते काम उत्तम करते. पण ती दुसरे काहीच खात नाही. एप्टेशिया संपले की ती अशा माणसाला द्या ज्याच्या टाकीत अजून ते आहे.

मुलगा जहाजावर असतो. तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकलमुळे इंधन जास्त लागते असे तो सांगतो. या शेंबड्या मुंबईच्या गोदीत सोडल्या तर?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

प्रश्न चांगला आहे, पण हा उपाय चार जागी मोडतो. एक, मुंबईचा समुद्र तिला असह्य गरम आहे. दोन, ती फक्त मांस खाते. जहाजाच्या तळाचा खडबडीतपणा कवचामुळे असतो आणि आपल्याकडच्या ‘अँफिबॅलॅनस अँफिट्राइट’सारख्या बार्नॅकलच्या बुडाशी चुन्याची पाटी सिमेंटने पक्की बसलेली असते. आतला जीव गेला तरी ती पाटी तिथेच राहते. तीन, चालत्या जहाजाच्या तळाला धरून राहणे तिला जमणार नाही. चार, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते : परक्या समुद्रातला शिकारी मुद्दाम आणून सोडू नये. शंखी गोगलगायीने, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या त्या मोठ्या गोगलगायीने, शेतात काय केले ते निफाडकडे कोणालाही विचारा.

ही विषारी असते का? खातात का?
— एक वाचक, पंचवटी

माणसाला तिच्यापासून धोका नाही. खातही नाहीत, पाठ चुन्याच्या काड्यांनी भरलेली आणि अंग दोन-तीन सेंटिमीटरचे.

एम.एस्सी.च्या सहलीत कोकण किनाऱ्यावर मिळालेली समुद्री शेंबडी अल्कोहोलमध्ये टाकली. तासाभरात ती उकडलेल्या हरभऱ्याएवढी आणि पांढरी झाली. कल्ले, शिंगे काहीच दिसत नाही. काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

तिला गुंगी न देता थेट अल्कोहोलमध्ये टाकले, हे चुकले. जिवंत शेंबडी अल्कोहोल लागताच सगळे स्नायू आवळते आणि तशीच घट्ट होते. मग ती पुन्हा उलगडत नाही. पद्धत कोकणातल्या आणि स्कॉटलंडमधल्या शेंबडीला एकच आहे.

आधी रंग टिपा. अल्कोहोल असो वा फॉर्मॅलिन, रंग जातोच. वर सांगितल्याप्रमाणे जिवंतपणी फोटो काढा आणि ती सरपटत असतानाची लांबी लिहून ठेवा.

मग गुंगी. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ७५ ग्रॅम घेऊन साध्या पाण्यात एक लिटर द्रावण करा. ते खारेपणात समुद्राच्या जवळपास बसते, म्हणून प्राणी फुगत नाही आणि आकसतही नाही. इथे दोन चुका नेहमी होतात. बाटलीवर ‘अ‍ॅनहायड्रस’ (म्हणजे पाण्याचा अंश नसलेले) लिहिले असेल तर ३५ ग्रॅमच पुरतात. ७५ घेतले तर द्रावण दुप्पट तीव्र होते आणि शेंबडी आकसते. दुसरी चूक जुन्या बाटलीची : हे रसायन हवेतला ओलावा पिते, गोळे झालेल्या पुडीत वजनाचा मोठा भाग पाणीच असते. बशीत समुद्राचे पाणी आणि शेंबडी ठेवा, ती उघडली की द्रावण थेंबाथेंबाने कडेने सोडत निम्म्यास निम्मे करा. लहान शेंबडीला पंधरा-वीस मिनिटे, मोठीला तास लागू शकतो. बारीक ब्रशने शिंगाला स्पर्श करा. शिंग आत ओढले गेले तर अजून थांबा. घाई इथेच नडते.

पुढे ती कशासाठी हवी ते ठरवा. डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल, शेंबडीच्या आकारमानाच्या किमान दहापट. तिच्या अंगातले पाणी अल्कोहोल पातळ करते, म्हणून २४ तासांनी ते बदला. अंतर्रचना पाहायची असेल तर बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग, त्यात चिमूटभर बोरॅक्स. बोरॅक्स विसरलात तर फॉर्मॅलिनमधले आम्ल पाठीतल्या चुन्याच्या काड्या खाऊन टाकते. एक-दोन दिवसांनी धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो, म्हणून एकच शेंबडी असेल तर गुंगीनंतर पायाच्या मागच्या टोकाचा बारीक तुकडा कापून वेगळ्या कुपीत इथेनॉलमध्ये टाका आणि बाकीची फॉर्मॅलिनमध्ये. काम खेळत्या हवेत आणि हातमोजे घालून करा. उरलेले फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतू नका.

जातीच्या खात्रीसाठी रेड्युला लागतो. तोंडामागची स्नायूंची पिशवी कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. मांस विरघळते आणि दातांची कायटिनची पट्टी उरते. ती इतकी बारीक असते की कुपीतून पाणी ओतताना निसटते. म्हणून खोलगट काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली बघत बघतच पाणी बदला.

कुपीच्या आत कागदाची चिठ्ठी टाका, लिहा मात्र पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. जागा, तारीख, ओहोटीची पातळी, जिवंतपणीची लांबी आणि रंग लिहाच, पण ‘कशावर बसली होती’ हे लिहायला विसरू नका. त्या वस्तूचा तुकडाही दुसऱ्या कुपीत ठेवा. मालवणच्या सागरी अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलू नका. तिथे फोटोच पुरे.

नाशिकहून एका दिवसात जाऊन समुद्री शेंबडी बघता येईल का?
— इयत्ता आठवीतील वाचक, देवळाली

ही थंड पाण्यातली शेंबडी नाही, पण तिच्या कुळातल्या वेगळ्या जाती मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट लोकांना तिथे किनारा दाखवायला नेतो. तो खडक म्हणजे तुझ्या घराजवळच्या डोंगरांचाच काळा बेसॉल्ट आहे.

भरती-ओहोटीचा तक्ता आधी बघ. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि तेव्हाच पाणी सर्वांत खाली जाते. त्या दिवसांत मुंबईला ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, भरती बाराच्या आसपास. सकाळी नाशिकरोडहून निघालेली गाडी पहाटेची ओहोटी चुकवते, म्हणून संध्याकाळची धरावी लागते. हिवाळ्यात सहा वाजता अंधारायला लागते, तेव्हा पौर्णिमेच्या आदल्या एक-दोन दिवसांतला दिवस निवड. ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी ती तितकीच आधी असते. दोन्ही ओहोट्यांची उंची सारखी नसते, तक्त्यात अर्ध्या मीटरच्या खालची शोध. पावसाळ्यात जाऊ नकोस.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास खडकावर पोहोच आणि पाणी उतरेल तसे त्याच्यामागे जा. पाणी फिरले की लगेच परत फीर, भरती मागच्या खोलगट भागातून आधी शिरते. पायात जाड तळाचे बंद बूट हवेत, चप्पल नको. मोठ्या माणसाला बरोबर ने. डबक्याशी उकिडवा बसून एकाच जागी दहा मिनिटे बघ. आधी बार्नॅकल, शैवाल, स्पंज, बारीक झाडासारखे हायड्रॉइड शोध, आणि शेंबडी त्यांच्यावर शोध. पांढरी फितीसारखी वेटोळी दिसली तर ती अंडी. घालणारी बहुधा वीतभर अंतरावरच असते.